शूरांच्या खांद्यावरील मायेचे पांघरूण

समाजासाठी ज्यांनी कष्ट सोसले, त्यांच्या ऋणातून उतराई कसे व्हावे, हा प्रश्न प्रत्येक काळातील समाजापुढे उभा राहिला आहे. शासन पदके देते, निवृत्तिवेतन देते, स्मारके उभारते. परंतु सामान्य गृहिणीला आपल्या हातांनी काही द्यावेसे वाटले, तर तिने काय द्यावे? अमेरिकेतील स्त्रियांनी या प्रश्नाचे उत्तर सुई-दोऱ्याने दिले. कापडाचे तुकडे कलात्मकतेने जोडून केलेला वरचा थर, मध्ये ऊबदार भरण आणि खाली अस्तर, असे तीन थर एकत्र शिवून तेथे ‘क्विल्ट’ तयार केली जाते. आपल्या गोधडीचीच ती दूरदेशीची बहीण होय.

या परंपरेची मुळे इ. स. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धापर्यंत जातात. जखमी सैनिकांनी रुग्णालये भरून गेली असता, १८६१ मध्ये स्थापन झालेल्या ‘सॅनिटरी कमिशन’ या संस्थेमार्फत उत्तरेकडील राज्यांतील स्त्रियांनी असंख्य गोधड्या शिवून पाठविल्या. मेन राज्यातील ऑगस्टा येथील सुसॅना पुलन आणि त्यांच्या रविवारच्या धर्मवर्गातील स्त्रियांनी १८६३ मध्ये अशीच एक गोधडी शिवली. तिच्यावर त्यांनी शाईने धर्मवचने, धीराचे शब्द, आरोग्याचा उपदेश, इतकेच नव्हे तर थोडा विनोदही लिहिला, आणि ती पांघरणाऱ्या सैनिकांना उत्तर लिहिण्याची विनंती केली. वॉशिंग्टनच्या आर्मरी स्क्वेअर रुग्णालयातून एका सैनिकाचे आभाराचे पत्र खरोखरच आले. ही गोधडी आज स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात जतन केलेली आहे. गोधडी कोणाच्या अंगावर पडणार हे शिवणाऱ्या स्त्रियांना ठाऊक नव्हते. तरीही त्या अनोळखी माणसाशी त्यांना बोलायचे होते.

कृतज्ञतेचा हा धागा पुढे सदैव अखंड राहिला असे मात्र नाही. व्हिएतनाम युद्धात ५८ हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक मृत्युमुखी पडले. १९७३ मध्ये तेथून शेवटच्या लढाऊ तुकड्या परतल्या, तोवर त्या युद्धाविषयी देशात तीव्र असंतोष पसरला होता. युद्धाचा निर्णय ज्यांनी घेतला नव्हता, अशा अनेक तरुणांच्या वाट्याला त्या असंतोषामुळे उपेक्षा आली. मृतांची नावे कोरलेली स्मारकभिंत १९८२ मध्ये वॉशिंग्टन येथे उभी राहिली. परंतु जे जिवंत परतले, त्यांपैकी कित्येकांनी अनेक दशके स्वागताचा एक शब्दही ऐकला नाही.

सन २००३ मध्ये कॅथरीन रॉबर्ट्स या मातेचा पुत्र इराकच्या युद्धभूमीवर होता. त्या काळात तिला एक स्वप्न पडले. मध्यरात्री एक तरुण सैनिक बिछान्याच्या कडेला खिन्नपणे वाकून बसला आहे. पुढच्याच दृश्यात त्याच्या अंगाभोवती गोधडी आहे आणि चेहऱ्यावरील निराशा ओसरली आहे. डेलावेअर राज्यातील सीफर्ड येथील आपल्या शिवणाच्या खोलीतून तिने ‘क्विल्ट्स ऑफ व्हॅलर’ हा उपक्रम सुरू केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनच्या तत्कालीन वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात, इराकमध्ये पाय गमावलेल्या एका तरुण सैनिकाला पहिली गोधडी देण्यात आली. पुढे दुसरे महायुद्ध, कोरिया आणि व्हिएतनाम येथे लढलेल्या वृद्ध सैनिकांपर्यंतही हा सन्मान पोहोचला. आजवर ३ लाखांहून अधिक गोधड्या अर्पण झाल्या आहेत. युद्ध योग्य की अयोग्य, या वादापासून संस्थेने स्वतःला कटाक्षाने दूर ठेवले आहे.

या उपक्रमाचे नियमही अर्थपूर्ण आहेत. गोधडी साधारणतः ५ फूट रुंद व पावणेसात फूट लांब, म्हणजे पूर्ण वाढ झालेल्या माणसाचे अंग झाकणारी असावी. एकीने वरचा थर जोडावा, दुसरीने तिन्ही थर एकत्र शिवावेत, तरी चालते; परंतु काम टिकाऊ असले पाहिजे. मागील बाजूस स्वीकारणाऱ्याचे व शिवणाऱ्यांचे नाव असलेली पट्टी लावावी लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ही गोधडी भेटवस्तू म्हणून दिली जात नाही. ती सन्मानपूर्वक प्रदान केली जाते. आप्तेष्टांच्या साक्षीने सैनिकाचे नाव पुकारले जाते, त्याच्या सेवेचा उल्लेख होतो आणि ती त्याच्या खांद्यांभोवती लपेटली जाते.

पदक छातीवर शोभते, पण रात्री ते पेटीत ठेवावे लागते. गोधडी मात्र रात्रीच उपयोगी पडते. आणि युद्धाच्या आठवणीही बहुधा रात्रीच छळतात. १८६३ मधील त्या स्त्रियांना आपल्या सैनिकाचे नाव माहीत नव्हते. आज ते नाव गोधडीवरच शिवलेले असते. पन्नास वर्षे उशिरा का होईना, कोणीतरी आपले नाव घेऊन, आपल्यासाठी टाका टाका घातला, हे उमगते तेव्हा करारी वृद्धाचेही डोळे पाणावतात. कृतज्ञता उशिरा व्यक्त झाली म्हणून तिचे मोल उणे होत नाही. मात्र ती मनातच राहिली, तर ज्याची त्याला ती कधीच पोहोचत नाही.