यादीत नाव नाही, एवढंच

मेडिकलची यादी लागली त्या संध्याकाळी माझी एक जुनी विद्यार्थिनी अब्बांना घेऊन घरी आली. बारावीनंतर एक वर्ष रिपीट केलं होतं, तरी यंदाही नंबर लागला नाही. चहा समोर तसाच थंड झाला. शेवटी ती म्हणाली, "सर, मीच कमी पडले ना?"

मी उर्दू-मराठीचा शिक्षक. नीटचं भौतिकशास्त्र मला येत नाही. इतिहास मात्र थोडा ठाऊक आहे, तोच तिला सांगितला.

आपली परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. तिथे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं आणि पुढे वैद्यकशास्त्रसुद्धा उर्दूतून शिकवलं गेलं. उर्दूचा शिक्षक म्हणून मला याचा अभिमान आहे. पण खेड्यातल्या मराठी बोलणाऱ्या मुलासाठी तीच उर्दू भिंत होती. संस्थान भारतात विलीन झालं, उस्मानियात उर्दूच्या जागी इंग्रजी आली आणि आता उर्दू शाळेतला मुलगा भिंतीबाहेर राहिला. मुलांची हुशारी काही बदलली नव्हती. बदलला होता नियम.

१९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. औरंगाबादला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय त्याच वर्षी निघालं, विद्यापीठ १९५८ मध्ये. अंबाजोगाई, नांदेड, लातूर इथली सरकारी महाविद्यालयं मग अनेक वर्षांच्या अंतराने आली. त्यात ७०:३० चं सूत्र होतं. राज्याच्या प्रत्येक विभागातल्या ७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना, उरलेल्या ३० टक्के सगळ्या राज्याला. ऐकायला न्याय्य वाटतं, पण मराठवाड्यात महाविद्यालयंच कमी. म्हणून तेवढ्याच गुणांवर दुसऱ्या विभागातल्या मुलाचा नंबर लागायचा आणि आपल्याकडचा घरी बसायचा. अनेक वर्षांच्या मागणीनंतर सप्टेंबर २०२० मध्ये हे सूत्र रद्द झालं. परभणीचं सरकारी मेडिकल कॉलेज तर २०२३ मध्ये सुरू झालं, १०० जागांचं.

भाषेचंही तसंच. २०१७ च्या नीटमध्ये मराठीसह दहा भाषा होत्या, उर्दू नव्हती. विद्यार्थी संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २०१८ पासून उर्दूतही प्रश्नपत्रिका मिळू लागली. त्याआधीची मुलं काय ढ होती?

"बेटा," मी म्हणालो, "अभ्यासाला किंमत नाही असं मी म्हणत नाही. पण २०२४ मध्ये २३ लाखांहून जास्त मुलं नीटला बसली आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्याही आत होत्या. कितीही अभ्यास केला तरी बहुतेकांची नावं यादीबाहेरच राहणार. दार किती रुंद ठेवायचं, हे माणसं ठरवतात. यादी तेवढंच सांगते. तू किती लायक आहेस, हे तिला कुठून कळणार?"

अब्बा इतका वेळ गप्प होते. त्यांनी विचारलं, "सर, अजून एक वर्ष बसवू का? पहिल्या क्लासच्या फीचं कर्ज अजून फिटलं नाही."

याचं उत्तर इतिहासात नाही. मी एवढंच म्हणालो, "आज ठरवू नका. आठ दिवस जाऊ द्या. मग तिला समोर बसवून कर्जाचा आकडा सांगा आणि तिची मर्जी विचारा. बीएस्सी, नर्सिंग, फार्मसी ही हरलेल्यांची जागा आहे, असं घरात कुणाला बोलू देऊ नका. आणि नातेवाइकांचे फोन तुम्ही घ्या, तिला देऊ नका."

मुलगी पहिल्यांदा हसली. "सर, खालाचे आजच चार फोन आले."

अब्बांनी खिशातला मोबाइल काढला आणि बंद करून ठेवला. मग दोघांनी तो थंड चहा पिऊन टाकला.