हुंड्याचा मठ आणि ननचे शिक्षण

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात नन म्हटली की आपल्याला दवाखाना किंवा शाळा आठवते. १९६२ साली रोमने चांदा हे वेगळे मिशन क्षेत्र ठरवून केरळच्या सीरो-मलबार चर्चकडे सोपवले. १९७७ मध्ये त्याचा धर्मप्रांत झाला. नर्सिंग शिकलेली सिस्टर आजाऱ्याच्या उपयोगी पडते, त्यामुळे त्या शिक्षणाचा खर्च कोणालाही पटतो. पण तिला आपल्याच धर्माचे ईश्वरशास्त्र शिकायचे असेल, तर पैसे कोणी द्यायचे? या प्रश्नाची जुनी गोष्ट गोव्यात सापडते.

जुन्या गोव्यातला सांता मोनिका हा ननांचा मठ आर्चबिशप मेनेझिस यांनी १६०६ मध्ये स्थापला. तीन मजली इमारत १६२७ मध्ये पुरी झाली, १६३६ मध्ये जळाली, पुन्हा उभी राहिली. हे सारे चाले ते मुख्यतः हुंड्यावर. हो, हुंडाच! नवऱ्याघरी जायचा पैसा इथे मठात येई. मोठा हुंडा आणणारीला काळी ओढणी. ती लॅटिन प्रार्थना म्हणे. पांढऱ्या ओढणीवालीच्या वाट्याला घरकाम. शहराचा पैसा मठात अडकतो, अशी तक्रार गोव्याच्या नगरसभेने थेट पोर्तुगालच्या राजाकडे केली होती. एवढ्या श्रीमंतीतही ईश्वरशास्त्र हा पुरुषांचाच प्रांत मानला जाई. पुढे १८३० नंतरच्या दशकात सरकारने नव्या नन घेणे थांबवले आणि मठ हळूहळू रिकामा झाला.

पुरुषांच्या शिक्षणाला मात्र पैसा उभा राहिला. १८८९ मध्ये फ्रान्समधल्या स्तेफानी बिगार आणि त्यांची मुलगी जान यांनी मिशन देशांत स्थानिक पुरोहित घडवण्यासाठी निधी सुरू केला. वर्गणी गोळा केली दोघी बायकांनी, शिकले पुरुष!

१९६४ मध्ये त्याच सांता मोनिकात ‘मातेर देई’ ही ननांना ईश्वरशास्त्र शिकवणारी संस्था आली. आता हुंडा नव्हता. पण ननचे व्रत दारिद्र्याचे. शाळेत मिळालेला पगारही तिचा नसतो, तो सामायिक थैलीत जातो. त्याच थैलीतून घरखर्च, म्हाताऱ्या सिस्टरांचे औषधपाणी आणि शिकणारीची फी. एकीला दोन-तीन वर्षे शिकायला पाठवायचे, तर तिचा पगार थांबतो आणि खर्च वाढतो. मग मदर सुपीरियर म्हणते, ‘पुढच्या वर्षी बघू.’ तिचेही चुकत नाही. फक्त ही थांबायची पाळी नर्सिंगवालीवर सहसा येत नाही.