आधी गट, मग खुर्ची



चिखली तालुक्यातल्या गावोगावच्या बचत गटांसाठी आजचं हे बोलणं आहे. विषय जुन्या काळातला आहे, पण त्याचा संबंध आपल्या गावच्या पुढच्या ग्रामसभेशी आहे. बाई गावाची पुढारी कशी होते आणि आपल्या आधीच्या बायांनी ही वाट कशी पाडली, ते आज आपण ऐकू.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याला मातृतीर्थ म्हणतात, कारण राजमाता जिजाऊंचं माहेर सिंदखेडराजा. दरवर्षी १२ जानेवारीला आम्ही बाया तिथं जातो, माथा टेकतो. पण परत आल्यावर आमच्यातलीच एखादी म्हणते, "जिजाऊ राजघराण्यातल्या. आपण साध्या बाया, आपल्याला कोण विचारतं?" म्हणून आज याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका बाईपासून सुरुवात करू. ती राजघराण्यातली नव्हती. एका कारकुनाची लेक होती.

तारा‍बाई शिंदे बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे इथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले होते. त्यांनी मुलीला घरीच शिकवलं. ताराबाईंना वैधव्य लवकर आलं. १८८१ साली सुरतेच्या कोर्टानं विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला, बदनामीच्या भीतीनं आपलं मूल मारलं म्हणून फाशी सुनावली. पुढं अपिलात शिक्षा कमी झाली. पण वर्तमानपत्रांतून साऱ्या बाईजातीलाच नावं ठेवणं सुरू झालं. तेव्हा ताराबाईंनी लेखणी उचलली आणि विचारलं की जे दोष बायकांना लावता, ते पुरुषांत नाहीत का? ते पुस्तक म्हणजे 'स्त्रीपुरुष तुलना'. १८८२ साली पुण्यात छापलं गेलं. प्रती ५००, किंमत नऊ आणे.

पुस्तकावर टीका झाली. टीका करणाऱ्यांत सत्यशोधक मंडळीही होती. जोतीराव मात्र ताराबाईंच्या बाजूनं उभे राहिले, त्यांनी 'सत्सार'मध्ये तसं लिहिलं. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आलं नाही. हे पुस्तकही लोक विसरले. स. गं. मालशे यांनी ते शोधून १९७५ साली पुन्हा छापलं, म्हणजे मध्ये ९३ वर्षं गेली. बोलणारी बाई होती, धीट होती, पण एकटी होती. तिचा शब्द उचलून दुसऱ्या घरी नेणाऱ्या दहा बाया तिच्यामागं नव्हत्या. एकटीचा आवाज किती लवकर विरतो, हे आपल्या जिल्ह्याच्या इतिहासानंच दाखवलं आहे.

आता शंभर वर्षं पुढं येऊ. मधल्या काळात बायका अगदीच गप्प नव्हत्या. बारामती तालुक्यातल्या निंबुत गावात १९६० च्या दशकातच सगळ्या बायांची ग्रामपंचायत होऊन गेली. पण अशी गावं बोटावर मोजण्याइतकी. मोठी लाट आली ती नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला, ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ रोजी. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन होतं. वावरात निंदण-खुरपण करणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बाया भाकरी बांधून आल्या. लाखावर बाया जमल्या. बायांवरचे अत्याचार, संपत्तीतला वाटा, गावकारभारात जागा, असे विषय त्यांनी मांडले. ठरलं असं की पंचायत राजच्या निवडणुकीत एकदोन राखीव जागांवर समाधान मानायचं नाही, सगळ्या जागा बायांनी लढवायच्या.

जिल्हा परिषदेच्या निवडणुका तेव्हा कित्येक वर्षं होतच नव्हत्या. १९८९ मध्ये ग्रामपंचायतींच्या झाल्या. तेव्हा जळगाव जिल्ह्यात विटनेर आणि आपल्या विदर्भात यवतमाळ जिल्ह्यातलं मेटीखेडा अशा काही गावांत पूर्ण पंचायत बायांची निवडून आली. लोकांनी ठरलेला प्रश्न विचारलाच : मग भाकरी कोण टाकणार? बायांनी भाकरीही टाकली आणि पंचायतही चालवली. खरं सांगायचं तर हे सोपं नव्हतं. घरचं काम कमी झालं नाही, वरून सभा वाढली. ज्या घरात सासू किंवा नवरा हाताशी आला, तिथली बाई टिकली.

त्याच वेळी लक्ष्मीमुक्ती नावाचा कार्यक्रम सुरू झाला. शरद जोशींनी शब्द दिला होता की ज्या गावात शंभर शेतकरी आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावे करतील, त्या गावात आपण स्वतः येऊ. विटनेरला शंभरावर घरांनी तसं केलं. पंचायत आणि सातबारा या दोन गोष्टी एकाच गावात घडल्या, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. जिच्या नावावर काही आहे, तिचं बोलणं लोक थांबून ऐकतात. दूर अमेरिकेत ॲरिझोनात होपी नावाचे आदिवासी लोक आहेत, मक्याची शेती करणारे. त्यांच्यात कूळ आईकडून चालतं, घर बाईचं असतं आणि जुन्या रीतीप्रमाणं लग्न झाल्यावर नवरा तिच्या घरी राहायला यायचा. तिथं बाईला 'तू परक्या घरची' असं कोणी म्हणू शकत नाही. आपल्याकडं माहेरी ती पाहुणी असते आणि सासरी परकी. म्हणून घराच्या उताऱ्यावर नाव लागणं ही साधी कागदाची गोष्ट नाही.

यानंतर कायदा आला. महाराष्ट्रानं १९९० मध्ये स्थानिक संस्थांत बायांना ३० टक्के जागा दिल्या. २४ एप्रिल १९९३ पासून ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि देशभर एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. २०११ मध्ये महाराष्ट्रानं त्या निम्म्या केल्या. आज आपल्या गावची पंचायत सात जणांची असो की सतरा जणांची, निम्म्या जागा बायांच्या आहेत. ताराबाईंना जे स्वप्नातही दिसलं नसेल ते आपल्याला मिळालं.

पण मग अडतं कुठं? आरक्षणाची सोडत निघते, जागा बाईची निघते आणि चार दिवसांत कुणाच्या तरी घरातून एक बाई उभी केली जाते. निवडून येते ती, हार पडतो नवऱ्याच्या गळ्यात. लोक त्याला सरपंच म्हणतात. सभेत ती कोपऱ्यात बसते आणि प्रोसिडिंगवर न वाचता सही करते. उद्या हिशोबात घोळ निघाला तर नोटीस मात्र तिच्याच नावानं येते. यात त्या बाईला दोष देऊन उपयोग नाही. तिला खुर्ची मिळाली, पण खुर्चीच्या आधी लागते ती शाळा मिळाली नाही.

ती शाळा आपल्याकडं आहे, फक्त आपण तिला शाळा म्हणत नाही. माविम १९७५ साली स्थापन झालं, २०११ पासून उमेद अभियान आलं आणि गावोगाव गट उभे राहिले. गटात काय होतं ते आठवा. दहा-बारा जणी ठरल्या दिवशी बसतात. पैसे मोजले जातात, वहीत लिहिले जातात, मोठ्यानं वाचून दाखवले जातात. कर्ज कुणाला आधी द्यायचं यावर वाद होतो आणि वाद करूनही दुसऱ्या बैठकीला सगळ्या येतात. अध्यक्ष, सचिव होताना जिचे हात कापत होते ती पुढं बँकेत साहेबासमोर बसून बोलते. गटातून ग्रामसंघ, ग्रामसंघातून प्रभागसंघ. पंचायतीत याहून वेगळं काय लागतं? हिशोब समजणं, चारचौघांत बोलणं, आपल्या माणसालाही नाही म्हणणं आणि सही करण्याआधी वाचणं.

एकट्या ताराबाईंजवळ लेखणी होती, गट नव्हता. चांदवडच्या बायांजवळ गट होता, निम्म्या राखीव जागा नव्हत्या. आपल्याजवळ दोन्ही आहेत. म्हणून आम्हाला वाटतं, जागा बाईची निघाली तर उमेदवार कोण हे चार घरांतल्या पुरुषांनी ठरवू नये. गटांनी बसून ठरवावं आणि निवडून आल्यावर तिला एकटं सोडू नये.

शेवटी कामाचं. ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घेतलीच पाहिजे, असं कायद्यात आहे. ती कागदावर झाली की खरोखर झाली, हे आपणच पाहायचं. ग्रामसभेला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल तेवढे लागतात. गावातले आठ-दहा गट पूर्ण आले तर तो आकडा आपल्या एकट्या बायांनीच भरतो. तेव्हा पुढच्या बैठकीत बचतीचे पैसे गोळा झाले की तीन गोष्टी करा. पुढच्या महिला ग्रामसभेची तारीख विचारून वहीत लिहा. पाणी, रस्ता, दारू, अंगणवाडी यांतला आपल्या गावचा एकच विषय निवडा. आणि तो मांडायला दरवेळी तीच ताई उभी करू नका; जी आजवर कधी बोलली नाही तिला उभं करा, आणि बाकीच्या तिच्या मागं बसा.

बसाल ना? मग भेटू पुढच्या कार्यक्रमात. नमस्कार.