कोलकात्यातील ७८ वाण

जठरातील आम्लात जिवाणू तग धरूच शकत नाहीत, ही वैद्यकशास्त्राची दीर्घकाळची समजूत. १९८२ साली पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी प्रयोगशाळेत वाढवून दाखवला आणि ती मोडीत निघाली. मार्शल यांनी तो जिवाणू स्वतः प्राशन केला, ही कथा सर्वश्रुत आहे; २००५ चे नोबेलही. मला मात्र त्यापुढच्या, काहीशा उपेक्षित प्रश्नात अधिक रस आहे. जगातील सुमारे निम्म्या माणसांच्या जठरात हा जिवाणू वसतो, व्रण मात्र थोड्यांनाच होतो. मग अपचनाची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाच्या पोटातला जिवाणू घातक आहे की नाही, हे ओळखायचे कसे?

१९९० च्या दशकात उत्तर गवसल्यासारखे वाटले. 'कॅग' हा सुमारे ४० हजार आधारजोड्यांचा जनुकसमूह जिवाणूला जणू एक सूक्ष्म पिचकारी बहाल करतो. तिच्यातून कॅग-ए हे प्रथिन जठराच्या पेशीत सोडले जाते. व्हॅक-ए हे विष पेशींत पोकळ्या पाडते. त्याच्या जनुकाचा एस१ प्रकार उग्र, एस२ जवळजवळ निष्प्रभ. पाश्चात्त्य देशांत व्रणाच्या रुग्णांमध्ये कॅग आणि एस१ ही जोडी ठळकपणे अधिक आढळे. पीसीआर हाताशी होतेच. एंडोस्कोपीच्या वेळी अस्तराचा कणभर तुकडा घ्यावा, डीएनए तपासावा, की झाला निवाडा!

२००० साली आशिषकुमार मुखोपाध्याय आणि सहकाऱ्यांनी कोलकात्यातील ७८ वाणांचा अभ्यास 'जर्नल ऑफ बॅक्टेरिऑलॉजी'त प्रसिद्ध केला. ५५ वाण व्रणाच्या रुग्णांचे होते, २३ सौम्य संसर्गाचे. कॅग समूह आणि व्हॅक-ए एस१ हे दोन्ही ८० ते ९० टक्के वाणांत निघाले, आणि तेही रुग्णाला व्रण आहे की नाही याच्याशी संबंध न राखता.

धूर असो वा नसो, सदैव वाजत राहणारी घंटा आगीची वर्दी देत नाही. प्रयोगशाळेत असा शोधक आम्ही बाजूला ठेवतो. तो बिघडलेला असतो म्हणून नव्हे, तर त्याच्या होकारातून नवी माहिती मिळत नाही म्हणून. इथे पीसीआर अचूकच होते. चुकले होते ते एका खंडातील सहसंबंध दुसऱ्या खंडात जसाच्या तसा लागू पडेल, हे गृहीतक.

त्याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष मला विलक्षण वाटतो: कोलकात्यातील कॅग-ए जनुकाचे क्रम पाश्चात्त्य वाणांच्या निकटचे होते, तर व्हॅक-एच्या मधल्या भागातील एम१ प्रकाराचे क्रम पश्चिम आणि पूर्व आशिया या दोहोंपासून वेगळे. एकाच जिवाणूच्या दोन जनुकांचा इतिहास असा निराळा! त्यातच भारतात संसर्ग विपुल, तरीही जठराच्या कर्करोगाचे प्रमाण त्या मानाने कमी. या कोड्याला संशोधक 'भारतीय गूढ' म्हणतात. रुग्णाचा आहार, त्याची प्रतिकारशक्ती, संसर्ग झाला तेव्हाचे वय, असे अनेक घटक त्यात गुंतलेले आहेत.

आज जनुकीय चाचणीचा थेट उपयोग दुसरीकडेच दिसतो. जिवाणूच्या २३एस आरआरएनए जनुकातील मोजक्या अक्षरांचा बदल क्लॅरिथ्रोमायसिनला निष्फळ ठरवतो. तो आधीच ओळखता आला, तर डॉक्टरांना गोळ्यांचा दुसरा संच निवडता येतो.