तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र लोखंड अडवतं की वाढवतं?

मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंडच्या मधल्या नाहूर स्थानकात रुळांच्या वरून २५,००० व्होल्टची ओव्हरहेड वायर जाते. वीज वाहणाऱ्या तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, हे डॅनिश शास्त्रज्ञ ओर्स्टेड यांनी १८२० मध्ये दाखवलं. तारेपासूनचं अंतर दुप्पट झालं की हे क्षेत्र निम्मं होतं. समजा, एक लोकल ३,००० किलोवॅट वीज खेचते आहे. म्हणजे तारेत १२० अँपिअर प्रवाह. रुळांतून परतणारा प्रवाह हिशेबात धरला नाही, तर तारेपासून ५ मीटरवर क्षेत्र साधारण ५ मायक्रोटेस्ला भरतं. मुंबईत पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे. फलाटावर मोबाइलचा कंपास भरकटतो तेव्हा दोष बहुतेक वेळा छपराच्या आणि गाडीच्या पोलादाचा असतो, तारेचा नाही.

हाच प्रवाह लोकलमधल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरला की तिथलं क्षेत्र १ टेस्लाच्याही वर जातं, म्हणजे फलाटावरच्या क्षेत्राच्या लाखो पट. त्यातला काही वाटा तारेच्या वेटोळ्यांचा. बाकी करामत गाभ्यातल्या सिलिकॉन स्टीलची. अशा पोलादात अणूंचे गट असतात आणि प्रत्येक गट म्हणजे एक छोटा चुंबक. एरवी त्यांची तोंडं वाटेल त्या दिशांना असतात. शेजारच्या तारेत प्रवाह सुरू झाला की ते एका दिशेला वळतात आणि त्यांचं क्षेत्र तारेच्या क्षेत्रात मिसळतं. ही वाढ हजारो पटींची असू शकते. पण सगळे गट वळून झाले की वाढ थांबते. लोखंडाची ही मर्यादा साधारण २ टेस्ला आहे. तांबं, ॲल्युमिनियम, प्लास्टिक किंवा भिंतीचं प्लास्टर यांनी क्षेत्रात जवळजवळ काहीच फरक पडत नाही.

ट्रान्सफॉर्मरला सतत बदलतं क्षेत्र लागतं, त्यामुळे तो डीसीवर चालत नाही. १९२५ मध्ये मुंबईत व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची लोकल धावली ती १,५०० व्होल्ट डीसीवर. त्या व्होल्टेजला ३,००० किलोवॅटसाठी २,००० अँपिअर लागतात. मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग २०१५ मध्ये पूर्णपणे एसीवर आला.

आता एक पक्का बसलेला गैरसमज. तारेवर लोखंडी पाईप चढवला की क्षेत्र आत अडकतं, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात एकट्या तारेवर गोल पाईप चढवला तरी पाईपबाहेरचं क्षेत्र जवळपास तेवढंच राहतं. वाढतं ते पाईपच्या जाडीत, आणि तेही शेकडो पटींनी. प्रवाह एसी असेल तर ते क्षेत्र सेकंदाला १०० वेळा दिशा बदलतं आणि पाईप तापतो. मोठ्या प्रवाहाला हा ताप इन्सुलेशन बिघडवू शकतो. म्हणून फेज एका लोखंडी पाईपातून आणि न्यूट्रल दुसऱ्यातून नेत नाहीत. दोन्ही एकाच पाईपातून नेल्या की उलटसुलट प्रवाहांची क्षेत्रं एकमेकांना खोडतात. पत्र्याच्या पॅनेलमध्ये फेज आणि न्यूट्रलच्या केबल वेगवेगळ्या भोकांतून नेल्या तरी पत्रा असाच तापतो.

याच खोडाखोडीवर घरातला आरसीसीबी चालतो. त्यात चुंबकीय पदार्थाचं एक कडं असतं आणि फेज व न्यूट्रल दोन्ही त्यातून जातात. गेलेला प्रवाह तेवढाच परत आला, तर कड्याला काही जाणवत नाही. गीझरच्या पत्र्यातून कुणाच्या अंगावाटे थोडा प्रवाह जमिनीत गेला, की दोन तारांत फरक पडतो. त्या फरकाचं क्षेत्र अगदी क्षीण असतं, पण कडं ते गोळा करून वाढवतं आणि त्यावर गुंडाळलेल्या तारेतून खटका पाडतं. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या आत पडतो, नाहूरच्या उदाहरणातल्या १२० अँपिअरचा हा चार हजारावा हिस्सा. मात्र एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरली, तर दोन्ही प्रवाह सारखेच राहतात आणि आरसीसीबी पडत नाही.

त्यावरचं ‘टी’ बटण मुद्दाम असा फरक पाडतं. वीज चालू असताना ते दाबल्यावर खटका पडला नाही, तर आरसीसीबी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावा.