वकीलपत्र कोणी घ्यायचे?

हक्कांच्या लढ्याचा इतिहास आपण बहुधा दोन टोकांवरून वाचतो. एका टोकाला सामान्य माणसाने दिलेला नकार असतो, दुसऱ्या टोकाला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. मधला एक व्यावहारिक प्रश्न मात्र निसटतो : ज्या गावात अन्याय झाला, त्याच गावात वकीलपत्र घेणार कोण? अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या माँटगोमेरी या राजधानीत १९५५-५६ साली जे घडले, ते या प्रश्नाच्या अंगाने पाहावे असे आम्हांस वाटते.

१ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी बसमधील आसन गोऱ्या प्रवाशासाठी सोडण्यास नकार दिला व त्यांना अटक झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या संध्याकाळी कृष्णवर्णीयांचे स्थानिक नेते ई. डी. निक्सन यांनी पोलिसांकडे फोनवर चौकशी केली. आरोप काय, एवढेही त्यांना सांगण्यात आले नाही. कृष्णवर्णीय वकील फ्रेड ग्रे त्या दिवशी परगावी होते. अखेर निक्सन यांनी क्लिफर्ड डर या गोऱ्या वकिलांना विचारणा करायला सांगितले, तेव्हा माहिती मिळाली व निक्सन यांनी जामीन दिला. गुन्हा कोणता हे कळण्यासाठीसुद्धा वकील लागतो, आणि तोही गोरा!

ग्रे यांचे वय तेव्हा चोवीस. अलाबामा विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती. म्हणून ते ओहायो राज्यातील क्लीव्हलँड येथे कायदा शिकले आणि १९५४ साली जाणीवपूर्वक माँटगोमेरीला परतले. उत्तरेत राहून वकिली करणे अधिक सुखाचे झाले असते. पण ज्या न्यायालयांत हा भेदभाव रोज कायदा म्हणून राबवला जात होता, तिथेच उभे राहणारा माणूस हवा होता.

५ डिसेंबरला पार्क्स दोषी ठरल्या; दहा डॉलर दंड आणि चार डॉलर खर्च. त्याच दिवशी बसवरील बहिष्कार सुरू झाला. तथापि बसमधील वर्णभेदाचा कायदा मोडून काढला तो वेगळ्या दाव्याने. १ फेब्रुवारी १९५६ रोजी ग्रे यांनी संघराज्याच्या न्यायालयात पाच स्त्रियांच्या वतीने दावा दाखल केला. त्यांत ऑरेलिया ब्राउडर होत्या, तशीच पार्क्स यांच्या आधी नऊ महिने, वयाच्या पंधराव्या वर्षी, अटक झालेली क्लॉडेट कोल्विनही होती. पार्क्स यांचे नाव मुद्दाम वगळले होते. त्यांच्या फौजदारी अपिलाच्या गुंत्यात मूळ प्रश्न अडकू नये, हा हेतू.

दाव्याचा प्रतिकार सुरू झाला तो वकिलापासूनच. पाचांपैकी एका स्त्रीने दबावाखाली नाव मागे घेतले आणि तिच्या संमतीवाचून दावा लावल्याचा आरोप ग्रे यांच्यावर ठेवण्यात आला. तो टिकला नाही. पण अशिलालाच घाबरवले की वकील आपोआप गुन्हेगार ठरवता येतो, ही युक्ती उघड झाली. १९५६ सालीच अलाबामाने कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एन.ए.ए.सी.पी. या संस्थेचे राज्यातील काम न्यायालयीन आदेशाने बंद पाडले. ते १९६४ पर्यंत बंद राहिले. व्हर्जिनियात तर या संस्थेने लोकांना वकील मिळवून देणे हाच गैरप्रकार ठरवणारा कायदा झाला. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. पीडित आणि वकील यांची भेटच होऊ नये, यासाठी सत्ता एवढी धडपडते, यातच त्या भेटीचे मोल कळते.

१३ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्रे यांच्या बाजूचा निकाल कायम केला. २१ डिसेंबरपासून बसमध्ये कोणीही कुठेही बसू लागले.

मराठी वाचकास येथे महाड आठवल्यावाचून राहणार नाही. १९२७ च्या सत्याग्रहानंतर चवदार तळ्याच्या दाव्यात प्रतिवादी असलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतःच बॅरिस्टर होते. तरी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडले. तळ्याचे पाणी प्यायला एक दिवस पुरला, तो हक्क कायद्याने सिद्ध व्हायला दहा वर्षे लागली. ही दहा वर्षे तारखांना हजर राहणारा कोणी नसता तर? हक्क ग्रंथांत लिहिलेला असतो. तो आपल्या गावच्या न्यायालयात उच्चारणारे माणूस सापडेपर्यंत मात्र तो मुकाच असतो.