नानकटाईतली 'कटाई'

कार्तिक पौर्णिमेला कपिलधारला संत मन्मथस्वामींच्या समाधीचं दर्शन घेऊन धबधब्याजवळ टेकलो होतो. दिंडीतल्या एका मावशींनी डबा पुढे केला. "घ्या की, ओट्सची नानकटाई हाय. दिवाळीला घरीच केली, कुकरात मीठ टाकून." पंधरा दिवसांची, तरी खुसखुशीत. तेव्हापासून तो शब्द डोक्यातून जाईना. नान म्हणजे फारसी रोटी. पण कटाई?

उत्तर उर्दूच्या एका अक्षरात सापडलं. उर्दूत 'नान खताई' लिहिताना त 'तोय' या अक्षराने लिहितात. 'खता' हे उत्तर चीनचं जुनं फारसी नावही तोयने लिहिलेलं सापडतं. दहाव्या शतकात तिथे खितान लोकांनी राज्य उभारलं आणि त्यांचं नाव मुलखाला चिकटलं. मार्को पोलोचं 'कॅथे' तेच; रशियन लोक आजही चीनला 'किताय' म्हणतात. इराणी कलेत चिनी वळणाच्या फुलांच्या नक्षीलाही 'खताई' हेच नाव आहे. तेव्हा नान खताई म्हणजे चिनी रोटी!

काहींच्या मते मूळ शब्द 'खटाई', कारण पीठ आंबट ताडीने फुगवत. मला हे साफ अमान्य आहे. तसं असतं तर उर्दूत ट चं अक्षर 'टे' आलं असतं. तोय कोण कशाला घालेल? त चा ट आपण आणि गुजरात्यांनी केला. 'खताई म्हणजे सहा जिन्नस' हा अर्थ तर मागाहून जुळवलेला दिसतो.

राहिली सुरतेची कथा: डचांची बेकरी पारशी दोतीवालांकडे आली आणि वाळक्या पावातून नानकटाई निघाली. पदार्थाचं ठीक, पण नावाचं काय? काश्मिरी कांदरू, म्हणजे बेकरीवाले, अशाच बिस्किटाला नुसतं 'खताई' म्हणतात. माझ्या मते शब्द त्या उत्तरेच्या वाटेने आला. डचांचं श्रेय वेगळं: त्यांच्या 'कूक्ये'वरून, म्हणजे छोट्या केकवरून, अमेरिकेत 'कुकी' शब्द झाला. तिथल्या फॅनी फार्मर या लेखिकेच्या 1896च्या पाकपुस्तकात ओट्सचीही, म्हणजे ओटमील कुकी आहे.

मावशींचं प्रमाण: वाटीभर कणीक, वाटीभर ओट्सचं पीठ, वाटीभर पिठीसाखर, वाटीभर तूप, चिमूटभर सोडा. ओट्स मिळून येत नाहीत, म्हणून कणीक. तूप-साखर पांढरी होईस्तोवर फेसायची. भाजताना पाठ आधी सुकते, आतून सोडा फुगवत राहतो आणि वर भेग पडते. चीनमध्ये 'ताओसू' नावाचं असंच भुसभुशीत बिस्किट करतात, पीठ, साखर आणि चरबीचं. त्याच्याही पाठीवर हीच भेग असते.